संगणकाची स्वतःची अवजारे

सुतार कामाला बसण्यापूर्वी करवत, रंधा आणि पटाशी जवळ काढून ठेवतो. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही अशीच तयारी करावी लागते. ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, ती समजणारे सॉफ्टवेअर आणि इतरांनी लिहून ठेवलेले उपयोगी संच आधी संगणकावर बसवावे लागतात. एका संगणकावर हे काम हाताने होते. दहा संगणक असले, की तेच आदेश दहा वेळा द्यावे लागतात आणि एखादा हमखास राहून जातो. म्हणून सगळे आदेश क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. या फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट चालवली, की संगणक ते आदेश एकामागून एक पार पाडतो.

मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. संगणकाची स्वतःचीही अवजारे असतात. (अवजार हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतला ‘औजार’ तो हाच.)

२०११ साली सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली आली. तिच्यात नवे सॉफ्टवेअर बसवण्याचे काम ‘यम’ नावाचा प्रोग्रॅम करी. यम स्वतः पायथन भाषेत लिहिलेला होता आणि त्याला पायथनची २.६ ही आवृत्ती लागे. पुष्कळांना आपल्या कामासाठी २.७ हवी होती. त्यांनी काय केले? ‘पायथन’ म्हटले की जुनीऐवजी नवी आवृत्ती सुरू व्हावी, अशी अदलाबदल केली. त्यांचे काम सुरू झाले, पण यम बंद पडला! त्याचे भाग २.६ च्या फोल्डरमध्ये होते आणि नवी आवृत्ती तिथे पाहतच नव्हती. आता दुरुस्तीसाठी लागणारे सॉफ्टवेअर आणायचे कोणी? ते आणणारा तर यमच. हीच चूक स्क्रिप्टमध्ये असेल, तर दहाही संगणक एका दमात अडून बसतात.

खरे तर जुन्या आवृत्तीला हात लावण्याची गरजच नव्हती. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली असती, तर दोन्ही सुखाने नांदल्या असत्या. २०१२ साली पायथन ३.३ मध्ये ‘व्हीएन्व्ह’ ही सोय आली. तिच्यामुळे प्रत्येक कामाचे संच त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. नको झाले, की फोल्डर पुसून टाकावे. प्रणालीला त्याचा पत्ताही लागत नाही. चांगली स्क्रिप्ट हेच करते. शिवाय एखादी वस्तू आधीच बसवलेली आहे का, हे ती पाहते. त्यामुळे ती दोनदा चालवली तरी काही बिघडत नाही.

तरीही घाई करणारे असतातच. म्हणून २०२३ साली आलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीत, पायथनचे संच बसवणारा ‘पिप’ प्रणालीच्या जागेत काही बसवण्यास सरळ नकार देतो. हट्टच असेल, तर आदेशाला आणखी काही शब्द जोडावे लागतात. ते शब्द आहेत ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे ‘प्रणालीचे संच मोडा’!