विहिरीत उतरलेला रंग

काळ्या कापडाची मागणी बाजारात कधी ओसरत नाही. तो काळा रंग देणाऱ्या अनेक रंजकांच्या मुळाशी ‘एच-ॲसिड’ नावाचे एक मध्यवर्ती रसायन असते. डांबरगोळ्यांमुळे घरोघरी परिचित झालेल्या नॅप्थलीनपासून ते तयार होते. वाटेत गंधकाम्ल आणि नत्राम्ल लागते, लोखंडाचा कीस लागतो, उरलेले आम्ल शमविण्यास चुना लागतो. त्यामुळे हाती येणाऱ्या मालाहून मागे राहणारा लोहयुक्त आणि जिप्समचा गाळच कित्येक पट भरतो.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावाने हा हिशेब भोगला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे ३७५ टन एच-ॲसिड निघाले आणि त्यापाठी जवळजवळ २,५०० टन गाळ उरला. गाळ उघड्यावर पडला, सांडपाणी तसेच वाहू दिले गेले. विष जमिनीत झिरपले, विहिरींचे पाणी काळवंडले. ते ना पिण्याच्या कामाचे राहिले, ना शेतीच्या. उत्पादन थोड्याच काळात थांबले. पाणी मात्र निवळले नाही.

मातीतील जिवाणू एरवी काय पचवीत नाहीत? शेण, पालापाचोळा, तेलसुद्धा. एच-ॲसिडच्या रेणूत मात्र कार्बनची दोन कडी एकमेकांस जोडलेली असतात आणि त्यांवर दोन सल्फोनिक गट असतात. या गटांच्या विद्युतभारामुळे रेणूला जिवाणूच्या पेशीत शिरणे अवघड जाते. त्याच गटांमुळे तो पाण्यात सहज विरघळतो, मातीला फारसा चिकटत नाही आणि भूजलाबरोबर दूरवर जातो.

असा पदार्थ प्रयोगशाळेच्या अहवालात ओळखावा कसा? येथे व्यापाऱ्याची नजर हमखास फसते. बीओडी म्हणजे सांडपाण्यातील द्रव्य खाताना जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअस तापमानात ३ दिवसांत मोजतात. हा आकडा कमी दिसला की पाणी स्वच्छ असल्याचा समज होतो. वस्तुतः जिवाणूंनी अन्नाला तोंडच लावले नसेल किंवा ते विषाने मेले असतील, तरीही आकडा कमीच येतो. म्हणून शेजारचा सीओडीचा रकाना पाहावा लागतो. त्यात तीव्र आम्ल आणि डायक्रोमेट यांच्या साहाय्याने बहुतेक सर्व सेंद्रिय द्रव्य जाळले जाते. सीओडी मोठा आणि बीओडी क्षुल्लक असेल, तर बरेचसे द्रव्य जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा संशय घेणे योग्य ठरते.

याहून कठोर कसोटी २८ दिवसांची आहे. पूर्ण ज्वलनास लागणाऱ्या प्राणवायूपैकी ६० टक्के प्राणवायू या मुदतीत वापरला गेला, तर पदार्थ सहज विघटनशील ठरतो. एकाच शुद्ध रसायनासाठी ही कसोटी चोख आहे. कारखान्याचे उपउत्पादन मात्र क्वचितच एकजिनसी असते. त्यात डझनावारी घटक मिसळलेले असतात. सोपे घटक संपले की एकूण टक्केवारी साठीच्या पुढे जाते आणि चिवट घटक त्या बेरजेआड दडतो. वसुलीची सरासरी उत्तम असताना एकाच कुळाकडे मोठे येणे बुडीत जावे, तसाच हा प्रकार. अशा मालाच्या अहवालात उरलेल्या भागाचे स्वतंत्र पृथक्करण आहे काय, हे आधी पाहावे. नुसत्या टक्केवारीवर विसंबणे धाडसाचे आहे. चिवटपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी स्टॉकहोम करारात दिलेली आहे: पाण्यात २ महिन्यांहून किंवा मातीत ६ महिन्यांहून अधिक अर्धायुष्य.

बिछडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकांवर टाकला. पुढे तो ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. रक्कम भरण्याची टाळाटाळ वर्षानुवर्षे चालली. अखेर जुलै २०११मध्ये न्यायालयाने ती ४ नोव्हेंबर १९९७पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला.