पाथरी खा, पण काविळीला रक्त तपासा

हिवाळ्यात ज्वारी-हरभऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी घरी येते ती ओटीत पाथरी घेऊन. मोडनिंबच्या आसपास ही भाजी विकत घेणारे कमी, वेचून आणणारेच जास्त. जमिनीला चिकटून पसरलेली कातरलेल्या काठाची पाने, पिवळे फूल, आणि पान तोडले की पांढरा चीक. कच्चीच खायची. वर तेल-मीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी.

1972 च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी अशाच रानभाज्यांवर दिवस काढले. त्यामुळेच की काय, पुढच्या पिढीला तिची लाज वाटू लागली. पाहुणे आले की पाथरी झाकून ठेवायची आणि बटाटा करायचा! युरोपात हिच्याच कुळातली डँडेलियन नावाची वनस्पती लोक आवडीने कच्ची खातात, तिचे मूळ भाजून कॉफीसारखे पितात. लघवी जास्त होते या समजुतीवरून फ्रेंच लोकांनी तिचे नाव चक्क ‘अंथरुणात मुतवणारी’ असे ठेवले आहे. त्यांना लाज नाही, मग आपल्याला कशाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हिरवा पाला रोज पानात असावा तो यासाठी. पण पाल्यातले लोह अंगाला थोडेच लागते. वर लिंबू पिळले तर जास्त लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. गरोदर बाईने भाजी खाऊन लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. रोज एक, अशा किमान 180 दिवस घ्याव्यात.

बाळंतिणीला पाथरी देतात ती चीक दुधासारखा दिसतो म्हणून. दूध चिकाने वाढत नाही, बाळाने वारंवार ओढल्याने वाढते. बाळंतिणीला हिरवी भाजी मिळते, एवढे मात्र या समजुतीचे चांगले. चीक तर रुईलाही असतो आणि ती विषारी आहे. तेव्हा ओळख पक्की नसेल तर जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय खाऊ नये.

आमची खरी काळजी काविळीची आहे. काविळीवर पाथरीचा रस देतात आणि पुष्कळांना गुण येतो, असे सांगतात. कारण असे की दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र रसाला, नाकात औषध टाकणाऱ्याला किंवा डाग देणाऱ्याला मिळते. पण ‘ई’ची कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीव घेऊ शकते. ‘बी’ची कावीळ रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होते, ती वर्षानुवर्षे लपून राहून लिव्हर खराब करते. डोळे पिवळे दोन्हींत सारखेच. फरक रक्ततपासणीतच कळतो.

आम्ही नोकरीत असताना सात महिन्यांची गरोदर मुलगी आली. बारा दिवस पाला आणि नाकातले औषध चालले होते. आली तेव्हा ती गुंगीत होती, हाका मारल्या तरी ओ देत नव्हती. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले, पण ती वाचली नाही. घरच्यांना आम्ही दोष देत नाही. दवाखाना लांब, गाडीभाड्याला पैसे नाहीत, आणि पाला फुकटचा. म्हणून आता विहारात बाया जमल्या की हे पुन्हा पुन्हा सांगतो: डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. गरोदर बाईला त्याच दिवशी न्या. उलट्या थांबत नसतील, झोप उडत नसेल, बडबड सुरू झाली किंवा कुठून रक्त आले तर कोणालाही तासाभराचाही उशीर करू नका. बाळाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत ‘बी’ची लस टोचून घ्या.

कच्ची भाजी तीन-चार पाण्यांत धुवावी, गटाराच्या पाण्यावरची घेऊच नये. दुसरी गोष्ट तणनाशकाची. ऊस वाढला तशी फवारणी वाढली, आणि पाथरी तर तणच. फवारलेल्या रानातली भाजी धुतली तरी खाण्याजोगी होत नाही. कधी फवारले, हे मालकाला विचारायला एकटीला अवघड वाटते, पण मुकादमबाईने सकाळीच सगळ्यांसाठी विचारून घेतले की झाले.