ग्रँट मेडिकल कॉलेज कुणाचे?

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा इतिहास दोन तऱ्हांनी सांगितला जातो. जुन्या स्मरणग्रंथांच्या मते १८४५ साली सरकारने आधुनिक वैद्यकाचे दार उघडले आणि एतद्देशीयांवर उपकार केले. डेव्हिड आर्नोल्ड यांच्या १९९३ मधल्या ग्रंथापासून वजन मिळालेल्या दुसऱ्या मताप्रमाणे पाश्चात्त्य वैद्यक हे वसाहतीच्या सत्तेचेच अंग होते. तिने रयतेच्या शरीरावरही हक्क सांगितला. मला दुसरे मत अधिक खरे वाटते. तरीही दोघांची चूक एकच आहे. करणारा तो इंग्रज आणि मुंबईकराने फक्त घ्यायचे किंवा सोसायचे, असे दोघेही धरून चालतात.

पैशाचा माग काढला तर हे गृहीतक टिकत नाही. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून या कॉलेजसाठी शहराने वर्गणी काढली. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देऊ केले, ते सरकारनेही तेवढीच भर घालावी या बोलीवर. अट घालणारा माणूस याचक नसतो. सत्ता दिसते ती दुसरीकडे, भाषेच्या प्रश्नात. १८२६ मध्ये डॉक्टर मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मुंबईत एक वैद्यकशाळा निघाली होती. तिथे देशी भाषांतून शिकवत आणि त्यासाठी पुस्तकांची भाषांतरेही करत. सहा वर्षांत सरकारने ती बंद केली. शरीरशास्त्र मराठीत रुजते का, याची पुरती परीक्षा होण्याआधीच निकाल लागला होता. नव्या कॉलेजात इंग्रजी आली, आणि पुढे १८६० च्या दशकात मराठीचे वर्ग सुरू झाले तेव्हा ते खालच्या पायरीवरच्या नोकरांसाठी होते. माझ्या मते या संस्थेचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले. पहिल्या पक्षाने त्याची दखल घेतली नाही, हे अक्षम्य आहे.

मात्र संस्थेची ओळख तिच्या स्थापनेच्या टिपणांपेक्षा तिथून बाहेर पडलेल्या माणसांत शोधावी. १८५१ मध्ये पहिले आठ जण पदवी घेऊन निघाले. सरकारला हाताखालचे मदतनीस हवे होते, पण यांतले बरेचसे शहरातच स्वतंत्रपणे राहिले. भाऊ दाजींनी धर्मार्थ दवाखाना चालवला, इथल्याच झाडाच्या बियांचे तेल महारोगावर वापरून पाहिले आणि शिलालेखही वाचले. आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत होते. लिस्बोआ वनस्पतिशास्त्राकडे वळले. नंतरच्या पिढीतले सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची केली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखणारे अकासियो व्हिएगस हेही याच कॉलेजचे. सरकारी साच्यातून बाहेर पडून असे वागणारी माणसे नुसती हत्यारे असूच शकत नाहीत.

यावर सरळ आक्षेप असा की ही मूठभर, बहुतेक वरच्या थरातली माणसे, आणि त्यांच्याच वर्गाने वैद्य-हकिमांना हीन ठरवले. आक्षेप खरा आहे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांचीच नोंदणी मान्य केली. त्या भिंतीच्या आत आपले पदवीधर उभे होते. पण यातून ते सत्तेचे पाईक होते एवढेच ठरत नाही. त्यांना प्रतिष्ठा हवी होती आणि त्यासाठी ते एकाच वेळी वैद्यांशी व गोऱ्या अधिकाऱ्यांशी भांडत होते. प्राध्यापकांच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे राहत, ही सल पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिचा परिणाम परळला दिसतो. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी देणगी देताना शिक्षकवर्ग पात्र भारतीयांचाच असावा अशी अट घातली, आणि १९२६ मध्ये ते कॉलेज त्याच अटीवर सुरू झाले.