बागेचे पाणी, गावाचे पाणी

उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी नळ एक दिवसाआड सुटतो, आणि त्याच गावच्या बागेत भर दुपारी बारा वाजता फवारे चालू असतात, हे पुष्कळ सभासद बंधूंनी पाहिले असेल. बाग नको असे कोणी म्हणणार नाही. बाजाराला आलेल्या माणसाने घडीभर टेकायचे कुठे? पण तिला पाणी कोणते, किती आणि केव्हा द्यायचे, हे बघायला हवे.

हिशोब आपल्याला सोपा आहे. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 100 लिटर. हिरवळीला रोज 5 मिलिमीटर धरले, तर 20 गुंठ्यांना 10 हजार लिटर, म्हणजे एक टँकर झाला. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी माप आहे. त्या मापाने हे 74 माणसांचे पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर होते. तेवढे पाणी अशी एक हिरवळ 50 दिवसांत पिऊन टाकते!

दुपारचा फवारा तर निम्मा वाऱ्याला वाटण्यासारखाच. पहाटे पाणी द्यावे, वाफसा बघून द्यावे, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे? हिरवळ हरळीची असेल तर ती उन्हाने पिवळी पडली म्हणून मरत नाही, पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. उसातली हरळी काढता काढता आपली कंबर मोडते. तिच्या चिवटपणाची साक्ष आपल्याइतकी कोण देणार? झाडांना पाणी बुंध्यापाशी ओतून फारसे साधत नाही. आळे सावलीच्या कडेला घ्यावे, कारण पाणी ओढणारी मुळे तिकडे पसरलेली असतात. आळ्यात पाचटाचा थर द्यावा. आपण पाचट फडात पेटवतो, तेच गाडीभर बागेला दिले तर ओल कितीतरी दिवस टिकेल.

राहिले पाणी कोणते. शुद्ध केलेले सांडपाणी बागेला चालते, त्यात नत्र आणि स्फुरदही असते. मात्र त्याची पाइपलाइन वेगळी हवी, तोटीवर ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी हवी, आणि मुले खेळतात तिथे ते फवाऱ्याने उडवू नये.

आपल्या धंद्यातही पाणी आहेच. उसात सुमारे 70 टक्के पाणी असते. काही बगॅसबरोबर जाते, बरेचसे रस आटवताना वाफ होऊन परत पाणी होते. ते गरम असते, त्यात साखरेचा अंशही येऊ शकतो, म्हणून निववून व शुद्ध करूनच वापरावे लागते. अडचण दुसरीच आहे. गळीत हंगाम बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो आणि बागेला खरी तहान मे महिन्यात लागते. पाणी साठवायला अस्तर घातलेले तळे हवे, आणि त्याचा खर्च कारखान्याने किती व नगरपालिकेने किती सोसायचा, हे दोघांनी हंगामापूर्वी बसून ठरवावे लागेल.