शंभर आकडे आणि तोंडाला कुलूप

मेंढीकोट खेळताना कोणी भिडूला डोळ्याने खुणावलं की समोरचे दोघे लगेच आरडाओरडा करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पत्त्यांत बोलायला बंदी असते ती माहिती फुटू नये म्हणून. ‘द माइंड’ नावाच्या एका छोट्या खेळात मात्र ही बंदी वेगळ्याच कामाला लावली आहे. इथे समोरचे असे कोणी नाहीतच. टेबलाभोवती बसलेले सगळे एकमेकांचे भिडू. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. तरीही एक अक्षर बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. आणि काम काय, तर सगळ्यांच्या हातातली पानं मिळून चढत्या क्रमाने खाली टाकायची.

ऑस्ट्रियाचे वोल्फगांग वार्श यांनी रचलेला हा खेळ २०१८ मध्ये जर्मनीत निघाला. तिथे वर्षातल्या उत्तम खेळाला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार देतात. त्या वर्षी अंतिम नामांकनांत ‘द माइंड’ होता. पुरस्कार ‘अझुल’ला मिळाला. पेटीत १ ते १०० आकड्यांची शंभर पानं आणि वर थोडी जोडपानं असतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक पान, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत तीन असं वाढत जातं. दोघे खेळत असतील तर बारा फेऱ्या, तिघांना दहा, चौघांना आठ. पाळी नावाचा प्रकार नाही. आता आपलंच पान सगळ्यांत लहान असणार असं ज्याला वाटेल त्याने ते टाकायचं. त्याहून लहान पान दुसऱ्या कोणाच्या हातात निघालं तर सगळ्यांचा मिळून एक जीव जातो. चौघांना सुरुवातीला चार जीव मिळतात, पुढे काही फेऱ्या पार केल्यावर बक्षीस म्हणून आणखी. अडचणीच्या वेळेसाठी एक सवलतीचं पानही आहे. सर्वांची संमती असेल तर ते वापरून प्रत्येकाने आपलं सर्वांत लहान पान उघडं करून बाजूला ठेवायचं. झाले नियम. पंधरा-वीस मिनिटांत डाव संपतो.

नियम ऐकल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘मग हा नुसता नशिबाचा खेळ झाला.’ तर आधी नशिबाचाच हिशेब करू. चौघे जण पहिली फेरी खेळत आहेत आणि तुमच्या हातात २० आहे. उरलेल्या ९९ पैकी ८० आकडे २० पेक्षा मोठे. बाकी तिघांचीही पानं त्या ८० मधलीच असण्याची शक्यता साधारण ५२ टक्के निघते. म्हणजे पान लगेच टाकणं हे नाणं उडवण्यासारखंच. पण तुम्ही थांबलात. टेबलावर शांतता आहे, कोणी हललं नाही. ज्याच्याकडे १० किंवा त्याहून लहान पान असतं त्याने एव्हाना ते टाकलं असतं. म्हणजे आता तिघांची पानं ११ किंवा त्याच्या पुढचीच असणार. हिशेब पुन्हा करा: तुमचं पान सर्वांत लहान असण्याची शक्यता ७२ टक्क्यांवर गेली. आणखी थोडं थांबा, १५ पर्यंतची वेळ टळू द्या. ती ८६ टक्के होते. कोणी काहीही बोललेलं नाही, कोणी काही केलेलंही नाही, तरी तुम्हाला तिघांच्या हातांबद्दल बरंच कळलं.

गणितात या गोष्टीला जुनी परंपरा आहे. केंब्रिजचे गणिती जे. ई. लिटलवुड यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात रेल्वेच्या डब्यातल्या तीन स्त्रियांचं कोडं दिलं आहे. तिघींचेही चेहरे मळलेले आणि तिघीही हसत आहेत. पहिलीला वाटतं, या दोघी एकमेकींनाच हसत असतील. मग तिच्या मनात येतं, माझा चेहरा स्वच्छ असता तर दुसरीला एवढ्यात उमगलं असतं की तिसरी आपल्यालाच हसते आहे, आणि तिचं हसू थांबलं असतं. ते थांबलं नाही, त्या अर्थी माझाही चेहरा मळलेला आहे. दुसरीने काहीच केलं नाही, यातूनच पहिलीला उत्तर मिळतं. ‘द माइंड’मध्ये प्रत्येक सेकंद याच जातीचा असतो.

हे सगळं उभं आहे ते एका गृहीतावर: चौघांच्या मनात एकच घड्याळ चालू आहे. आणि तिथेच अडचण आहे, कारण माणसाचं आतलं घड्याळ काही फार चांगलं नाही. कार्ल फॉन फिअरॉर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्येच दाखवलं होतं की छोटा कालावधी आपण लांबवतो आणि मोठा आखडतो. अमेरिकेतल्या हडसन होगलंड यांचं निरीक्षण तर घरातलंच. पत्नी तापाने आजारी असताना त्यांनी तिला साठ सेकंद मोजायला सांगितले, तर ताप जितका जास्त तितकी ती साठपर्यंत लवकर पोहोचत होती. १९३३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणजे घड्याळ माणसागणिक वेगळं, आणि एकाच माणसाचंही रोज सारखं नाही.

पण या खेळाला अचूक घड्याळ लागतच नाही, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यांत सुंदर वाटते. सेकंद म्हणजे किती हे कोणी ठरवलेलं नाही. एका आकड्याला किती थांबायचं हेही नाही. सगळ्यांचं घड्याळ दुप्पट पळालं तरी क्रम बिघडत नाही. चौघांनीही लांबची वाट पाहताना फिअरॉर्टच्या नियमाप्रमाणे घाई केली तरी ती सारखीच असेल तर काही नुकसान नाही. चूक सगळ्यांची मिळून एकच असली की झालं. नुकसान होतं ते दोघांच्या चुकांत फरक पडला की.

आता एक बारीक गोष्ट बघू. १९७७ मध्ये जॉन गिबन यांनी कालमापनाचा जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा असा: अंदाजातली चूक कालावधीच्या प्रमाणात वाढते. समजा तुमची चूक एक-दशांश आहे. मग ५ आणि ८ या दोन पानांची गल्लत होणार नाही. एकात अर्ध्याची चूक, दुसऱ्यात पाऊण-एकची, मधे तीनचं अंतर. तेच ४५ आणि ४८ असतील आणि मोजणी शून्यापासून चालू असेल तर दोन्हींत साडेचार-पाचची चूक, आणि अंतर तेच तीन. इथे कोणाचं पान आधी पडेल हे सांगता येणार नाही. पण मधेच कोणी ४० टाकलं तर? चौघांची घड्याळं एकदम शून्यावर येतात. ४५ आता पाचावर आहे आणि ४८ आठावर. प्रत्येक पडणारं पान तोवर साठलेली सगळी चूक पुसून टाकतं. नियमपुस्तिकेत असं कुठे लिहिलेलं नाही. तरी पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच सगळे आपोआप शेवटच्या पानापासून मोजायला लागतात. थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं होतं की न बोलताही माणसं एखाद्या उठून दिसणाऱ्या जागेवर मनाने एकत्र येतात, फक्त ती जागा सर्वांच्या नजरेत भरायला हवी. टेबलावर नुकतंच पडलेलं पान ही तशीच जागा.

पहिल्या शून्यासाठी मात्र वार्श यांनी खास सोय केली आहे. फेरी सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक हात टेबलावर ठेवायचा आणि तयार झाल्यावर सगळ्यांनी मिळून उचलायचा. नव्या खेळाडूंना ते नाटकी वाटतं आणि ते गाळायला बघतात. गाळू नका. पहिलं पान पडण्याआधी चार घड्याळं एका क्षणी सुरू करायची दुसरी सोय या खेळात नाही.

मग वेगळ्या वेगाची घड्याळं जुळतात कशी? डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठात इवाना कोनव्हालिंका आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन माणसांनी बोटाने ठोके द्यायचे आणि एकमेकांचे ठोके कानाने ऐकायचे. एक जण पुढारी होईल आणि दुसरा त्याच्या मागे जाईल असं कोणालाही वाटेल. झालं ते असं की दोघेही अनुयायी झाले. प्रत्येक जण समोरच्याचा आधीचा ठोका ऐकून आपला पुढचा ठोका किंचित मागेपुढे करत होता. आपल्या संगीतातही हे सापडलं आहे. ब्रिटनचे संगीत-अभ्यासक मार्टिन क्लेटन यांनी तालाविना चाललेल्या आलापीच्या चित्रफिती तपासल्या. तंबोरे एका लयीत छेडावेत असा काही दंडक नसतो. तरी छेडणाऱ्यांचे हात मधूनमधून एकमेकांशी बांधल्यासारखे चालताना दिसले.

टेबलावर हे नीट बघता येतं. परवा आमच्याकडे चौथ्या फेरीच्या शेवटाला आत्या, भाचा आणि मी एवढ्यांच्याच हातात एकेक पान उरलं होतं. खाली ५२. माझ्याकडे ९१, त्यामुळे मी निवांत. आत्याने पान अर्धा इंच उचललं आणि तसंच धरून ठेवलं. भाच्याने ते पाहिलं. त्याने आपलं पान पुढे सरकवलेलं होतं, तो हात मागे घेतला. आत्याने ६३ टाकलं. भाच्याने श्वासही न घेता त्यावर ६५ टाकलं. ही खूण झाली का? आत्याने मुद्दाम केलं असतं तर नक्कीच. पण संकोच चेहऱ्यावर, बोटांवर उमटतोच, आणि तो वाचायला मनाई नाही. माझं मत असं की खेळाची खरी मजा या सीमेवर आहे. तिथे कडक पंच बसवू नये, आणि मनात घड्याळाचे सेकंद मोजायचे नाहीत एवढं मात्र आधी ठरवून घ्यावं. मोजलं की खेळ सोपा होतो आणि एकमेकांकडे बघायचं कारणच उरत नाही.

वरच्या फेऱ्या फार अवघड आहेत. चौघांच्या आठव्या फेरीत शंभरातली ३२ पानं हातात असतात, म्हणजे दोन पानांतलं अंतर सरासरी तीन. त्याहून वाईट म्हणजे ४१-४२ सारख्या लागोपाठच्या जोड्या. अशा सरासरी दहा जोड्या पडतात, आणि त्यांतल्या सात-आठ दोन वेगळ्या हातांत असतात. पहिल्या फेरीत अशी जोडी शंभरातून बाराच वेळा दिसेल. कोणी ४१ टाकताक्षणी ४२ टाकणं सोपं. पण खाली ३८ असताना एकाने तीन थांबायचं आणि दुसऱ्याने चार, हे घड्याळाला दर वेळी झेपणारं नाही. तिथे जीव जातातच. शेवटच्या फेरीपर्यंत दोन-तीन जीव आणि एखादं सवलतीचं पान राखून पोहोचलात तरच आशा.

खेळ म्हणून माझी शिफारस मनापासून आहे, आणि विशेषतः कधीतरी खेळणाऱ्यांसाठी. सहकार्याच्या बऱ्याच खेळांत एक दोष असतो: ज्याला खेळ चांगला येतो तो बाकीच्यांना ‘तू हे कर, तू ते कर’ सांगत सुटतो आणि उरलेले नुसते हात हलवतात. इथे बोलणंच बंद असल्याने तो दोष मुळातून जातो. आठ वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजीला इथे सारखंच वजन आहे. बदाम सातमध्ये आपण पान दाबून दुसऱ्याची वाट अडवतो, इथे नेमकं पान दाबूनच दुसऱ्याला वाट करून देतो. मुलांना हा उलटा न्याय फार लवकर कळतो. चौघे असतील तर उत्तम, तिघे चालतील. दोघांत मला तो थोडा फिका वाटतो. वाचायला एकच चेहरा असतो. आणि टेबलाशी बसून फोन बघणारा एक जरी असला तरी डाव मांडू नये. लक्ष द्यायला तयार असलेल्या माणसांवाचून या खेळात काहीच नाही.

पेटी मिळाली नाही तर कोऱ्या कागदाच्या शंभर चिठ्ठ्या कापा. घरात तांबोळा असेल तर त्याच्या आकड्यांवरही भागेल. ९० पर्यंतच आहेत, पण खेळ बिघडत नाही.

सगळ्या फेऱ्या पार पडल्याच, तर नियमपुस्तिका पुढचं आव्हान देते. पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात करायची, पण पानं पालथी टाकायची. कोणी काय टाकलं ते फेरी संपल्यावर उघडून बघायचं. हे करून बघण्याआधी गिबन यांचा नियम आठवा. पान पडलं हे दिसतं, पण कितीचं ते दिसत नाही, म्हणजे घड्याळं शून्यावर आणणारा आकडाच गेला. पहिल्या पानापासून शंभरापर्यंत चुका एकीवर एक चढत जातात, आणि ४५-४८ ची गोष्ट आता प्रत्येक मोठ्या पानाला लागू होते. लहान आकडे बहुधा बरोबर लागतील. पन्नाशीच्या पुढे, हिशेबाप्रमाणे, क्रम विस्कटायला हवा. घरी खेळून फेरीनंतर पानं उलटा आणि प्रत्येक चूक कुठे झाली ते कागदावर लिहून ठेवा. दहा-बारा डावांत पन्नाशीच्या अलीकडच्या चुका आणि पलीकडच्या चुका यांतला फरक दिसू लागायला हवा.