पिशवीवरचं नाव आणि धिंगरीची जात

देवळाली कॅम्प, भगूर, इगतपुरी या पट्ट्यात धिंगरी अळिंबी लावायची तर भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड हाताशी असतं. खरी अडचण बियाण्याची. थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो. थंडीची जात गरमीत लावली, तर बेड पांढरेशुभ्र होतात, पण पिनहेड धरत नाहीत. म्हणून स्पॉनच्या पिशवीवरचं नाव खरं असणं हा थेट पैशाचा प्रश्न आहे.

‘रंगरूप पाहिलं की जात कळते,’ असं अनुभवी माणसंही सांगतात. पण एकाच बियाण्याची धिंगरी थंडीत गडद आणि गरमीत फिकट निघते. खोलीत हवा कोंडली की दांडे लांबतात, छत्र्या लहान राहतात. उलट पांढरं बटन, तपकिरी बटन आणि तळहाताएवढं पोर्टोबेलो ही तिन्ही एकाच जातीची, अगॅरिकस बायस्पोरसची.

नावानं सर्वांत मोठा घोळ घातला तो ‘साजोर-काजू’चा. जंडाइक आणि कपूर यांनी 1974 मध्ये या नावाने लागवडीची पद्धत मांडली, आणि आपल्याकडच्या माहितीपत्रकांत, पिशव्यांवर ते नाव कायमचं बसलं. मूळ साजोर-काजू मात्र लेंटिनस या वेगळ्या वंशातली, चिवट, दांड्यावर स्पष्ट कडं असलेली. आपल्या बेडवरच्या धिंगरीला कडं नसतंच. ती आहे प्लुरोटस पल्मोनेरियस. तिची नि थंडीतल्या प्लुरोटस ऑस्ट्रिएटसची ठेवण इतकी सारखी की नजर फसते. दोघींच्या एकेका बीजाणूपासून वाढवलेले धागे एका बशीत समोरासमोर ठेवले, तर त्यांचं मीलन होत नाही. एकाच जातीचे असले की होतं. ही चाचणी खात्रीची, पण वेळखाऊ.

जनुकीय खूण हे काम लवकर करते. पेशीत रायबोसोम घडवणारी जनुकं फारशी बदलत नाहीत, पण त्यांच्या मधला ‘आयटीएस’ नावाचा, साधारण सहाशे अक्षरांचा तुकडा जातीगणिक बदलतो. शिवाय त्याच्या प्रती पेशीत पुष्कळ, त्यामुळे सुकलेली कपचीही पुरते. 2012 मध्ये बुरशीशास्त्रज्ञांनी हाच तुकडा बुरशीची ओळखखूण म्हणून सुचवला. लंडनमध्ये विकत घेतलेल्या वाळवलेल्या पोर्सिनीच्या एका पाकिटातले पंधरा तुकडे असे वाचले, तेव्हा त्यांत तीन जाती निघाल्या. तिन्हींना तोवर शास्त्रीय नावच नव्हतं! 2014 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं.

‘जनुकीय’ शब्द ऐकून काहींना वाटतं, ही अळिंबी जीएम आहे. तसं काही नाही. इथे डीएनए फक्त वाचला जातो, पिकात काहीच बदलत नाही.

‘अहवालात नव्याण्णव टक्के जुळलं, म्हणजे विषय संपला’ हा समज जास्त महागात पडतो. जुळणी होते ती सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी, आणि 2006 च्या एका अभ्यासानुसार बुरशीच्या अशा नोंदींपैकी सुमारे वीस टक्क्यांवर चुकीच्या जातीचं नाव असू शकतं. अगदी सख्ख्या जातींत आयटीएसमध्ये दोन-चार अक्षरांचाच फरक असतो. तिथे दुसरं एखादं जनुकही वाचावं लागतं. आणि जात कळली तरी वाण कळत नाही. ‘फ्लोरिडा’ आज ऑस्ट्रिएटसमध्येच गणली जाते, तरी ती थंडीतल्या ऑस्ट्रिएटसपेक्षा जास्त उष्णता सोसते. म्हणून बियाणं घेताना जातीच्या नावाबरोबर वाणाचा क्रमांक आणि पिनहेडसाठी लागणारं तापमान विचारावं, आणि थोडं बियाणं आधी आपल्याच खोलीत लावून पाहावं.

पावसाळ्यात रानातून येणाऱ्या अळिंबीबद्दलही एक सांगायलाच हवं. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, नाहीतर चांगली, ही परीक्षा निव्वळ खोटी आहे. अमाटॉक्सिन उकळूनही जात नाही, आणि त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. तोवर जेवण विसरलेलंही असतं. डीएनए चाचणी थेट विष शोधत नाही, ती जात सांगते. विषारीपणा त्या जातीच्या माहितीवरून कळतो. जेवल्यावर कुणाला उलट्या-जुलाब लागले, तर दवाखान्यात जाताना उरलेली अळिंबी कागदात गुंडाळून सोबत न्या, शक्यतो दांड्याच्या बुंध्यासकट.