सत्तेचाळीस म्हणजे ७४ का नाही? दुसरीतल्या मुलांचं गणित आणि आपण

दोन-तीन आईबाबांनी विचारलं होतं की दुसरीत नक्की शिकवतात काय आणि घरी आपण काय करायचं. मी शिक्षक नाही, कोड लिहून पोट भरतो. पण माझी भाची यंदा दुसरीत आहे, मराठी माध्यमात, त्यामुळे तिची पुस्तकं आणि वह्या बऱ्याच चाळून झाल्यात. हा त्या भागाचा लिखित मजकूर, थोडा साफसूफ करून.

आधी अपेक्षा काय आहे ते बघू. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात दुसरीच्या शेवटासाठी लक्ष्यं दिली आहेत: मिनिटाला ४५ ते ६० शब्द ओघात वाचता यावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी जमावी. ऐकायला साधं वाटतं, नाही का?

आता भाचीची वही. बाईंनी संख्या सांगायच्या आणि मुलांनी अंकात लिहायच्या, असा सराव होता. सत्तेचाळीसला तिने लिहिलं होतं ७४. त्रेसष्टला ३६. एकोणसाठला चक्क ६१. पण बावीस आणि पंचावन्न बरोबर! ताईला वाटत होतं पोरीचं लक्ष नाही. मला मात्र कामावरची सवय आठवली: चुका एकाच पद्धतीने होत असतील तर त्यामागे नियम असतो. इथे नियम सरळ होता. ती ऐकल्या क्रमाने लिहीत होती. 'सत्ते' आधी ऐकू आलं, म्हणून ७ आधी. मग 'चाळीस', म्हणून ४. बावीस आणि पंचावन्न उलटे केले तरी तेच राहतात, म्हणून ते वाचले. आणि एकोणसाठमध्ये कानावर पडतं 'एक' आणि 'साठ'. पाच आणि नऊ तर त्या शब्दात कुठे नाहीतच!

म्हणजे बघा, आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. (कंप्युटरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, लिटल एंडियन आणि बिग एंडियनचं भांडण.) इंग्रजीत किंवा कानडीत एकवीसपासून पुढे दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथे हा घोळ कमी. याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं गेलं. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर किती विनोद झाले ते आठवत असेल, विधिमंडळातसुद्धा विषय गाजला. मराठी बुडाली वगैरे. मला विचाराल तर एकवीस, सत्तेचाळीस हे शब्द राहायलाच हवेत, बाजारात तेच चालतात. पण सात वर्षांच्या पोराला तिथपर्यंत पोचायला 'चाळीस सात'चा पूल दिला तर बिघडलं काय?

घरी आम्ही तेच केलं. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. मी म्हणायचं 'सत्तेचाळीस', तिने आधी चार नोटा मांडायच्या, मग सात नाणी, मग म्हणायचं 'चाळीस सात, सत्तेचाळीस', आणि मगच लिहायचं. एकोणसाठला साठ रुपये मांडायचे आणि एक परत घ्यायचा. परत घ्यायचा तर एक नोट मोडावी लागते, आणि मग समोर पाच नोटा, नऊ नाणी उरतात. ते ५९ तिला दिसलं तेव्हा म्हणाली, "मामा, हे तर फसवणारं नाव आहे." आहेच की! त्याच्या आदल्या आठवड्यात हीच पोरगी "मला गणित येतच नाही" म्हणत होती. दुसरीत हे वाक्य तोंडी बसलं तर पुढची आठ वर्षं पुसताना नाकीनऊ येतात, म्हणून मी एवढा मागे लागलोय.

वजाबाकीचंही तसंच. ५२ वजा ३७. बरीच मुलं २५ लिहितात, कारण २ मधून ७ जात नाहीत, मग ती सरळ ७ मधून २ काढतात. 'हातचा घे' असं दहा वेळा ओरडून फरक पडत नाही. पाच नोटा, दोन नाणी ठेवा आणि सदतीस रुपये मागा. सात नाणी नाहीत, मग एक नोट मोडून आणावी लागेल. आता चार नोटा, बारा नाणी. सदतीस दिले, उरले पंधरा. वाण्याकडे सुट्टे मागतो तेच हे. चार दिवस नोटांनी, मग कागदावर. बोटं मोजली तर मोजू द्या.

वाचनाचं थोडक्यात सांगतो. मिनिटाला ४५ शब्द ही शर्यत नाही, स्टॉपवॉच लावून बसू नका. शब्द फारच सावकाश आले तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, एवढंच त्यामागचं कारण. अडतं ते जोडाक्षरांत, त्यातही 'र' मध्ये. सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा: एकच र, चार रूपं. दुकानांच्या पाट्या आणि एसटीवरच्या पाट्या वाचायला लावा. अडलं तर शब्द सांगून टाका आणि वाक्य परत पहिल्यापासून वाचून घ्या. मग विचारा, काय लिहिलं होतं? सांगता आलं तर वाचलं.

पाढ्यांबद्दल पुष्कळ जणांनी विचारलंय. पाठ करावेत की नाही, यावर माझं आणि ताईचं अजून एकमत नाही, त्यामुळे पुढच्या भागात तिलाच माइकसमोर बसवतो.